कव्हरवरचा नरसय्या

"काय सुंदर वाजवलंत!" असं कोणी म्हटलं की नरसय्याचा चेहरा पडायचा. "अय्यो! ऐकू आलो? मग चुकलं की माझं!" एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी त्याची पाठ थोपटली, तर हा दुसऱ्या दिवशी गायकाच्या दारात माफी मागायला हजर.

सोलापुरात नव्या पेठेत, कापडदुकानाच्या माडीवर माझा कॅसेटचा स्टुडिओ होता. नरसय्या तिथला बेस गिटारवाला, म्हणजे गाण्याच्या तळाशी जाड, खालच्या सुरांत लय धरून ठेवणारा. सकाळी तेलुगू भजनं, दुपारी कव्वाली, संध्याकाळी कन्नड भक्तिगीतं, कशालाही तयार. निवडणुकीत एकाच दिवशी दोन्ही उमेदवारांची प्रचारगीतं वाजवली. मी विचारलं, "आणि मत कुणाला?"

"ज्याचा ढोलकीवाला तालात, त्याला."

आता लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या पहिल्याच कॅसेटबद्दल विक्रेत्याची तक्रार आली, की लोकांच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर बेसनं आवाज फाटतो. दुसऱ्या कॅसेटपासून मी मिक्सरवरचं नरसय्याचं बटण शून्यावर नेलं. गाणाऱ्यांना तो हेडफोनमध्ये ऐकू यायचा; टेपवर उतरायचा नाही. त्याला बोलावणं भागच होतं, कारण तो नसला की सगळे लय सोडून पळत सुटायचे. खरं सांगितलं असतं, तर तो आला नसता. मी अकरा वर्षं गप्प बसलो. प्रत्येक कव्हरवर 'बेस : नरसय्या' छापलं. आत नरसय्या नव्हता.

आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो आणि चहा यायच्या आधीच सगळं ओकून टाकलं. तो खो खो हसला.

"मास्तर, दुसरी कॅसेट आली त्याच रात्री लावली होती मी. कळलं की!"

"ठाऊक होतं? मग अकरा वर्षं आलास कशाला?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथं त्याच्या बायकोचा फोटो होता, हार घातलेला. पहिल्या कॅसेटच्या आधीच ती गेली होती.

"घरी एकटा बेस वाजवून बघा. नुसतं दुम्म दुम्म. त्यात गाणं कुटं हाय? तुमच्या खोलीत सगळे असायचे."

त्यानं खाटेखालून बेस काढला, तारा जुळवल्या.

"पेटी येते का तुमाला?"

"नाही रे."

"मग टाळ्यांनी ताल धरा."

मी धरला.

"हळू, मास्तर," तो म्हणाला, "पळू नका. मी हाय की."