पाठमोऱ्या गायकवाड बाई

आमच्या भिंगारच्या कॉलनीतल्या गायकवाड बाई कुणाकडेही गेल्या की पाठ फिरवून बसायच्या. मी चहा पुढे केला की एक हात मागे यायचा, कप घ्यायचा आणि बाई भिंतीशी बोलायच्या, "डोळ्यांत डोळे घालायचे नसतात वहिनी. ते भांडणाचं आमंत्रण."

ही रीत वानरांची. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास टीव्हीवर त्यांनी एक गोरी बाई पाहिली. आफ्रिकेच्या जंगलात चिंपांझींत वर्षानुवर्षं बसलेली, एकेकाला नाव देणारी. झालं! दुसऱ्या दिवशी आमच्या बाई गच्चीवर स्टूल टाकून हजर. समोरच्या चिंचेवर वानरांची टोळी होतीच. "चिंपांझी नाहीत तर नाहीत. वानरांनी काय घोडं मारलंय?"

नावं द्यायला त्यांनी कॉलनीच वापरली. दात विचकून गुरगुरणारा, पण बायको आली की गुपचूप फांदी सोडणारा हुप्प्या म्हणजे 'दिगंबर'. आमच्या ह्यांचं नाव! हे भडकले. मला मात्र निरीक्षण बिनचूक वाटलं.

शनिवारी मारुतीच्या नावानं आम्ही वानरांना केळी घालायचो. बाई शेंगदाणासुद्धा द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "खायला घातलं की ते आपल्याला नाही, केळ्याला भेटायला येतात."

उन्हाळ्यात टोळीनं मिसाळ मावशींच्या गच्चीवरच्या कुरडया फस्त केल्या. मावशी कडाडल्या, "लई झालं आता! पिंजरेवाल्याला बोलवा!" बाई अगदी काकुळतीला आल्या. "सगळ्यांच्या कुरडया मी राखते, पण त्यांना नेऊ नका हो."

आणि खरंच काठी घेऊन बसल्या. पण वानरं बाईंना भ्यायचीच नाहीत. त्यांनी काठी उगारली तर अख्खी टोळी त्यांच्याकडे पाठ करून निवांत बसली आणि हात मागे घालून कुरडया उचलू लागली. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

पिंजरा मात्र आलाच. टोळी टेम्पोत घालून लांब घाटातल्या जंगलात नेली. दिगंबर गेला तेव्हा आमचे हेसुद्धा जेवले नाहीत धड.

बाई तरी रोज संध्याकाळी रिकाम्या चिंचेकडे बघत बसायच्या. माझ्याकडचं येणं बंद. शेवटी मला राहवेना, गच्चीवर गेले. समोर गेले नाही, काही विचारलंही नाही. शेजारी फरशीवर, दुसरीकडे तोंड करून, चिंचेचा पाला चघळत बसले. बऱ्याच वेळानं बाई स्टुलावरून उतरल्या, माझ्यापुढे पाठ करून बसल्या आणि अंबाडा सोडला. वानरीण असंच करते, दुसरीला म्हणते, माझे केस बघ जरा.

मी त्यांच्या केसांत बोटं घातली, एकेक बट सोडवत राहिले.

"आई गेल्यापासून," बाई चिंचेला म्हणाल्या, "डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता हो वहिनी."

मला रडू आवरेना. बरं झालं, बाई पाठमोऱ्या होत्या.