रुसलेला पिचर

शेखर मुळ्ये मैदानावर रुसतो. चिडतो, भांडतो, बॅट आपटतो असं नव्हे. चक्क रुसतो. लग्नात वरमाय रुसते तसा. सामना ऐन रंगात आलेला असताना हातमोजा काखोटीला मारून तो शांतपणे मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे चालू लागतो, आमच्याकडे पाठ करून तिच्यावर बसतो आणि मान न वळवता म्हणतो, "नको, तुम्ही लोक खेळा."

आता आम्ही काय कपाळ खेळणार? शेखर आमचा पिचर. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर, आणि त्याने टाकलाच नाही तर बाकीच्यांनी मैदानावर उभं राहून फक्त ऊन खायचं.

इंदुरात बेसबॉल म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांच्या मते आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त पोहे-जिलबी खातो. ते तर खातोच, पण रविवारी सकाळी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेच्या मैदानावर खेळूनही घेतो. मी कॅचर. म्हणजे तोंडावर जाळी बांधून फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि शेखरचा चेंडू झेलायचा. चाळिशीनंतर माणूस या जागी बसतो तो स्वतःच्या इच्छेने आणि उठतो तो देवाच्या. पहिल्या बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, यादव, ज्याचं टायरचं दुकान आहे आणि ज्याच्या हातातून चेंडू साबणासारखा निसटतो. आणि या सगळ्यांवर शिट्टी घेऊन पुरोहित सर. शाळेतून पी.टी. मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही.

शेखर तुकोगंजात डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढतो. दिवसभर "आता साफ दिसतंय? आणि आता?" विचारून ते त्याच्या जिभेवर बसलंय. चहाच्या टपरीवर कप तोंडाला लावलेल्या माणसालाही तो विचारतो, "साखर ठीक? आणि आता?" मैदानावर ही सवय त्याने सोडली असती तर बरं झालं असतं. एकदा इंदुराजवळच्या बेटमा गावच्या टीमशी सामना होता. त्यांचा पटेल नावाचा दांडगा फलंदाज शेखरच्या एकाही चेंडूला बॅट लावू शकला नाही आणि बाद झाला. आम्ही ओरडतोय, नाचतोय, आणि शेखर मात्र पटेलच्या खांद्यावर हात ठेवून सांगतोय, "भिया, बुरा मत मानना. एक बार आके नंबर चेक करवा लो. लेफ्ट आंख में गड़बड़ लगती है."

पटेल खरंच आला. डाव्या डोळ्याला नंबर खरंच निघाला. पुढच्या सामन्यात तो नवा चष्मा घालून उभा राहिला आणि शेखरचा पहिलाच चेंडू त्याने भिंतीपलीकडे कुणाच्या तरी अंगणातल्या पापडांवर पाठवला. शेखर आनंदाने टाळ्या वाजवत ओरडला, "दिसलं! दिसलं त्याला!" मग कुणीतरी धावफलक बदलला. शेखरने तो पाहिला, टाळ्या थांबवल्या आणि भिंतीकडे निघाला.

त्याला रुसायला कारण काहीही पुरतं. कॅचर बोटांनी खुणा करून पिचरला सांगतो की आता चेंडू कसा टाक. एकदा मी घाईत बोटं हलवली. शेखर थांबला. जवळ आला. "मोहनभिया, ये कैसे उंगली दिखा रहे हो आज? जसं काय नोकराला बोलावतोय." मी म्हटलं, अरे, खूण आहे ती. "खूणसुद्धा प्रेमाने होते," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून मी बोटं अशी हळुवार हलवायला लागलो की समोरच्या टीमला वाटायचं मी तबला शिकतोय.

तर त्याला मनवणं हे माझ्याकडे आलं. त्याचंही एक शास्त्र आहे. लगेच गेलं तर म्हणतो, "चेंडूची फिकर आहे तुम्हाला, माझी नाही." उशिरा गेलं तर, "आता आठवण आली?" तो बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला की मुहूर्त समजायचा. "काय झालं?" हे तर विचारायचंच नाही, कारण उत्तर "कुछ नहीं" असतं आणि मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही न बोलता शेजारी जाऊन बसायचं. तो बसतोही भिंतीच्या अगदी टोकाला, बाजूला माणूसभर जागा ठेवून, आणि ती जागा टोपीने झटकतो. मला वाटायचं, स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदूरचा माणूस आहे, घाण दिसली की हात शिवशिवत असतील. मग पोह्यांचा दोना, म्हणजे पानाचा द्रोण, पुढे करायचा. वर शेव हवी, आणि आमच्याकडचा तो जिरावणाचा मसाला हवाच. तो म्हणतो, "जीरावन कम है." म्हणजे मिटलं. कॅचरने सामन्यात पिचरजवळ जाऊन बोलावं अशी नियमात सोय आहे. पोहे घेऊन जावं की नाही, यावर मात्र पंच आणि पुरोहित सर यांचं कायम वाजायचं.

हे एकट्या शेखरपुरतं राहिलं असतं तर निभलं असतं. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आधी यादव रुसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, तोही झेल सोडल्यावर दुःखी होतो, मग त्याला कुणी पोहे का देत नाही? मग दुसऱ्या बेसवाला रुसला, कारण यादवला मनवायला दोघं गेले होते. एका रविवारी तर कळस झाला. शेखर भिंतीवर, यादव गोलपोस्टाला टेकून, आणि लांबवर क्षेत्ररक्षण करणारे तिघे तीन दिशांना तोंडं करून बसलेले. मैदानावर उभे मी, पंच आणि समोरच्या टीमचा एक धावपटू. तो बिचारा चारी बेस पळून आला आणि विचारता झाला, "गिनोगे ना इसको?" मीसुद्धा मनात रुसलोच होतो, पण मग मनवायला कोण जाणार म्हणून गप्प राहिलो.

त्या दिवशी पुरोहित सरांनी शिट्टी अशी वाजवली की शेजारच्या गल्लीत एक टेम्पो थांबला. सगळ्यांना ओळीत उभं करून ते म्हणाले, "हे काय चालवलंय? टीम आहे का सासुरवाडी? आजपासून कोणी कोणाला मनवणार नाही. जो रूठा, वो छूटा. आणि शेखर, तू ऐक. पुढच्या वेळी भिंतीवर बसलास तर तिथेच बस. टीममध्ये जागा नाही."

शेखरने मान डोलावली. "बरोबर आहे सर."

मग आला स्पर्धेचा उपांत्य सामना. बेटम्यात, बेटम्याशीच, त्यांच्या मैदानावर. आम्ही पुढे होतो. तेवढ्यात पटेलचा सोपा उंच चेंडू यादवच्या हातात आला, त्याने तो दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखा धरला आणि तरीही सोडला. त्यांची धाव झाली. शेखरने यादवकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग हातमोजा काखोटीला मारला आणि निघाला. भिंत नव्हती तिथे, रस्त्याकडेला एक कडुलिंब होता. त्याच्याखालच्या ओट्यावर जाऊन तो बसला, टोकाला, पाठ करून.

मी उठलो. सरांनी मला नजरेनेच बसवलं. कोणी हललं नाही. शेखरने नाडी सोडली, बांधली. परत सोडली, परत बांधली. टोपीने ओटा झटकला. एकदा हळूच मागे वळून पाहिलं. आम्ही सगळे आपापले बूट बघत होतो. पंच घड्याळ दाखवायला लागले. पटेल माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "भिया, मैं जाऊं क्या?" मी नाही म्हटलं.

आणि मग शेखर आपणहून उठला. चालत आला, चेंडू घेतला, म्हणाला, "चला." त्यानंतर त्याने जी गोलंदाजी केली, ती मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती. पटेलला नवा चष्मा असूनही काही दिसलं नाही. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. परतीच्या गाडीत सर म्हणाले, "बघितलं? औषध कडू असतं, पण लागू पडतं."

लागू पडलंच. शेखर बरा झाला. वेळेवर यायचा, खेळायचा, जायचा. मी बोटं कशीही हलवली तरी काही बोलायचा नाही. यादवने झेल सोडला तर म्हणायचा, "कोई बात नहीं, होता है." हे ऐकून यादव माझ्याकडे रडवेला होऊन आला. "भिया, इसको बोलो गाली दे दे. इतने प्यार से बोलता है, मेरे को नींद नहीं आती." टपरीवर शेखर साखरेबद्दल कुणाला काही विचारेना. पोहे आमचे आम्ही खाल्ले, आणि खरं सांगतो, बेचव लागले. मग तो यायचाच बंद झाला. अंतिम सामना तोंडावर, आणि फोन केला तर एकच उत्तर: "दवाखान्यात काम आहे रे. तुम्ही लोक खेळा."

हे वाक्य ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. हा बरा झालेला नाही. हा रुसलाय, फक्त भिंत आता त्याच्या घरात आहे.

संध्याकाळी पोहे बांधून घेऊन मी त्याच्याकडे गेलो. शेखरने लग्न केलं नाही. "बघू" म्हणता म्हणता बघायचं राहून गेलं. तो आणि त्याची आई, आमच्या काकू, दोघंच असायचे. काकू मागच्या वर्षी गेल्या. आम्ही सगळे तेव्हा गेलो होतो, त्यानंतर त्या घरात मी आजच पाय ठेवत होतो. गॅलरीत झोपाळा होता. शेखर त्याच्या टोकाला बसला.

"नाराज आहेस?" मी विचारलं. शास्त्राविरुद्धच होतं, पण तोंडातून गेलं.

"घरात कोणावर नाराज होऊ भिया?" तो हसला. "आई होती तेव्हा मजा होती. भाजीत मीठ कम झालं की मी रुसणार, आणि ती ताट घेऊन मागे मागे. शेखर, एक घास. शेखर, हा चिमणीचा. बेचाळीस वर्षांच्या माणसाला चिमणीचा घास! ती गेल्यावर मी एकदा रुसून बघितलं. सच्ची. इथेच बसलो, पाठ करून. खूप वेळ बसलो. मग भूक लागली. मग मीच उठलो आणि वरण गरम केलं."

हे सांगताना तो स्वतःच खो खो हसत होता. मीही हसलो.

"मग कळलं, रविवारी मैदानावर रुसलं की कोणीतरी येतं," तो म्हणाला. "बेटम्यालाही मी बसलो ना झाडाखाली. तेव्हा वाटलं, अरे, ये तो घर जैसा हो गया."

मी खाली पाहिलं तर झोपाळ्यावर त्याच्या शेजारी माणूसभर जागा रिकामी होती. बाकीच्या झोपाळ्यावर धूळ होती, तेवढी जागा पुसलेली होती. मी तिच्यावर बसलो आणि पुडा उघडला. मला त्याचा फार राग आला आणि फार माया आली, दोन्ही एकदम. उठताना एवढंच म्हटलं, "रविवारी ये. माझ्यासाठी ये."

सरांना मी सगळं सांगितलं. सर "हूं" म्हणाले. सरांचं "हूं" म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही.

रविवारी शेखर आला. सराव सुरू झाला आणि यादवने सवयीप्रमाणे झेल सोडला. शेखर "कोई बात" म्हणाला आणि थांबला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. यादवने तर हात जोडले होते. शेखरने यादवकडे पाहिलं, सरांकडे चोरून पाहिलं आणि हातमोजा काखोटीला मारला.

"नको, तुम्ही लोक खेळा."

यादवने आनंदाने उडी मारली. शेखर भिंतीवर टोकाला बसला, पाठ करून, आणि बाजूची जागा टोपीने झटकली. मी सरांकडे पाहिलं. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, टपरीवरून दोना घेतला आणि संथपणे चालत भिंतीपाशी गेले. काही न बोलता त्याच्या शेजारी बसले. दोना पुढे केला.

आम्हाला दोघांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. मग शेखरचा आवाज आला, "सर, जीरावन कम है."

यादव जिरावणाची डबी घेऊन धावत सुटला, त्याच्यामागे दुसऱ्या बेसवाला, त्याच्यामागे मी. भिंत लहान होती, तरी सगळे मावले. शेखर प्रत्येकासाठी थोडं सरकत होता आणि म्हणत होता, "अरे, तुम्ही लोक खेळा ना." त्या दिवशी कोणीच खेळलं नाही.