पाच रविवारांची बेगमी

पेठकरांनी भर वाळूत, उंटाच्या साक्षीने, अंगातला शर्ट काढला. समोर जपानी आजीबाईंची सहल होती. ती शिस्तीत समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मी आ वासला, आणि त्यात तोत्तोरीची बरीचशी वाळू गेली.

पेठकर कोबेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पन्नाशीचे, सडेफटिंग इंजिनियर. स्टेशनबाहेर फुकट वाटतात ती टिश्यूची पाकिटं, कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातल्या सोया सॉसच्या पुड्या, सगळं यांच्या कपाटात. "असू दे हो, लागतं!" एकदा त्यांनी माझ्या बायकोला, वर्षाला, पिशवीभर चॉपस्टिक्स सांभाळायला दिल्या. तेव्हापासून ते जिन्यात दिसले की ती दार लोटून घेते. पण तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या बघायला निघालो तर त्यांनी विचारलं, "गाडीत जागा आहे?" आणि नाही म्हणणं मला या जन्मात जमलेलं नाही.

मोठ्या टेकडीवर आधी माझं पोट पोचलं, बऱ्याच वेळाने मी. वर पेठकर तिसरा शर्ट चढवत होते.

"जोशी, ही टोपी घाला. वहिनी, ही ओढणी. सई, हा गॉगल!"

"बाबा, हाझुकाशी!" आठवीतली सई किंचाळली. लाज तिला जपानीतच वाटते.

"अहो, पण हे चाललंय काय?" मी विचारलं.

"पाच रविवारांची बेगमी. इथे मागे समुद्र, खाली तळं, पलीकडे नुसती वाळू. उंट मात्र एकदाच. तो लक्षात राहतो."

मला वाटलं, ऊन लागलं. मग त्यांनी सांगितलं. साताऱ्याला आई, ऐंशी ओलांडलेली. दर रविवारी विचारते, आज कुणाकडे जेवलास? एकटाच जेवलो म्हटलं की स्वतःचं ताट बाजूला सारते. बहिणीने हे कळवल्यापासून पेठकर दर रविवारी माणसांबरोबरचा एक नवा फोटो पाठवतात.

"ऑफिसातली तोंडं संपली हो. तीच तीच किती पाठवणार?"

मी निमूटपणे टोपी घातली आणि हसलो.

चौथा शर्ट अर्धा अंगात असताना फोन वाजला. व्हिडिओ. साताऱ्यात जेवायची वेळ. घाबरून पेठकरांनी फोन वर्षाच्या हातात कोंबला.

पडद्यावर पांढरे केस आले, मग कपाळ, मग डोळे.

"तू कोण गं बाळ?"

"मी वर्षा. खालच्या मजल्यावरची."

"खरं सांग हं. तो येतो का कधी तुमच्याकडे जेवायला? की नुसते फोटोच काढता?"

पेठकरांनी मान खाली घातली. मीही. वर्षाला खोटं बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"येतात की, आई. आज पिठलं-भात आहे. पुढच्या रविवारी थालीपीठ. तिखट किती चालतं, तेवढं सांगा."

मी हादरलो. दार लोटून घेणारी ती हीच?

"बेताचंच घाल," आई म्हणाल्या. पलीकडे ताट पुढे ओढल्याचा आवाज आला.

फोन बंद झाला तरी पेठकरांना दुसरी बाही सापडेना. सईने पुढे होऊन ती धरली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मग... किती वाजता येऊ?"

"अहो, एकाच गाडीतून जायचंय," वर्षा म्हणाली. "आधी शर्ट घाला."