जगदेव मामाची श्रीलंका

माझं अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी याचा भरवसा नाही. हे कोणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलंच तर तेवढं माफ करा. आमच्या शेजारचा माणूस अख्ख्या देशांना माफी मिळवून द्यायला निघाला आहे, त्यापुढे माझ्या वेलांट्या काय!

रविवारी आमच्या विहारात वंदना होते. शेवटी सगळ्या जीवांचं भलं होवो म्हणतात आणि लोक चपला शोधायला उठतात. तेवढ्यात जगदेव मामा दार अडवून उभे राहतात.

"थांबा! बसा खाली. श्रीलंकेचं राह्यलं."

मामा एसटीत कंडक्टर होते. मेहकर, जानेफळ, हिवरा आश्रम, याच रस्त्यांवर त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठेही गेले की दाराजवळच बसतात. विहारात गर्दी झाली की ओरडतात, "पुढं सरका, समोर जागा हाये!" समोर बुद्धाची मूर्ती असते, जागा नसते. मामी गेल्या, मुलगा पुण्याला असतो. खांद्याला ती जुनी चामड्याची पिशवी अजून लटकलेली असते. तिच्यात चिल्लर खुळखुळते आणि कर्जमाफीचा अर्ज असतो.

हे खूळ सुरू झालं ते श्रीलंकेचे एक भंतेजी गावात आले तेव्हा. त्यांनी सांगितलं, आमच्या देशावर इतकं कर्ज झालं की सरकारचा पैसा व्याजातच जातो, दवाखान्यात औषध मिळत नाही. सगळ्यांनी ऐकलं आणि खीर खाल्ली. मामांनी खाल्ली नाही. त्या दिवसापासून ते श्रीलंकेबद्दल असं बोलतात, जशी त्यांची भाची वाईट घरी दिली आहे.

"बुद्धाचा देश, अन त्याच्या दवाखान्यात गोळी नाही? भगवंतानं सांगतलं, बिनकर्जाचं जगणं हे एक सुख हाये. मंग थे सुख काय फक्त सावकाराच्या लेकराईले?"

पुढे यादीत आफ्रिकेचे देशही आले. एक पोरगा म्हणाला, "मामा, थे तर बौद्ध नाहीत."

"भूक काय पंचशील विचारून लागते का बे? कर सही!"

सह्या ते तिकीट फाडल्यासारख्या घेतात. एकही प्रवासी सुटता कामा नये. किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' पाटीखाली उभे राहून दुकानदाराला म्हणाले, "लंकेचं कर्ज माफ झालं पाह्यजे."

दुकानदार घाबरला. "मामा, लंकेनं माह्याकून काय नेलं?"

आमच्या सरूबाईला वेगळीच शंका. "लंका तर सोन्याची होती नं? तिले कर्ज कसं?"

"सोनं गहाण पडलं, सरूबाई. अंगठा करा."

अर्ज घेऊन मामा तहसीलला गेले. तिथल्या बाबूनं वर 'कर्जमाफी' एवढंच वाचलं आणि म्हणाला, "सातबारा जोडा. लाभार्थ्याचं आधार जोडा."

"लाभार्थी समुद्रापल्याड हाये साहेब."

"मंग आपल्या तालुक्यात बसत नाही. तिकडच्या तहसीलात द्या."

मामांनी हुज्जत घालून आवक शिक्का मारून घेतला आणि तो गावभर असा दाखवला, जणू निम्मं कर्ज फिटलंच.

लोक हसतात. मीही हसले असते, पण मी त्यांची कर्जदार होते. वादळात माझ्या घरावरची टिनं उडाली, तेव्हा मामांनीच पैसे दिले. मी ब्लाऊज शिवते. दर शनिवारी दोनशे द्यायचे ठरलं. मला लोकांत जायची, बोलायची फार लाज. हातात पैसे धरून चौकातून जायचं म्हणजे सगळं गाव बघतंय असं वाटायचं. कधी एकदा फिटेल असं झालं होतं. एकदा सरूबाईच्या हाती हप्ता पाठवला, तर मामांनी परत पाठवला. निरोप काय, तर "ज्याचं तिकीट त्यानंच काढा."

मग जावंच लागे. गेलं की चहा उकळत असायचा, दोन कप मांडलेले. मामा जगाची खबर सांगायचे. कोणत्या देशाला मुदत मिळाली, कोणाचं व्याज थकलं. मी मान हलवायची. शेवटी बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे.

एका शनिवारी मी सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "मामा, साऱ्या दुनियेले माफी मागता. मंग मलेच हप्ता काऊन?"

मामा रागावले नाहीत. बशी खाली ठेवली.

"शांते, तू सोता आली, मोजून घेतले, त्याचे टिनं टाकले. तुह्या डोक्यावर सावली हाये. तिकडं राजानं घेतले, राजानं उडवले, अन ज्या लेकराचा जन्मही झाला नोता त्याच्या औषधातून कापून घेऊन राह्यले. मुद्दल कवाच फिटलं, व्याजच सरत नाही. म्या तुले व्याज लावलं का?"

नव्हतं लावलं. मी चहा संपवला. आधी अर्जावर सही केली होती ती त्यांचं मन राखायला; त्या दिवशी मनापासून पुन्हा केली असती.

शेवटी तो शनिवार आला. एकशे ऐंशीच उरले होते. मी दोनशेची नोट दिली. वाटलं होतं, हलकं वाटेल. मामांनी नोट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"सुट्टे नाहीत," म्हणाले.

मांडीवरच्या पिशवीत चिल्लर खुळखुळली. मी पिशवीकडे पाहिलं, मामांनी दाराकडे. मग एक जुनं तिकीट शोधून, पूर्वी एसटीत करायचे तसं त्याच्या मागे लिहिलं, 'बाकी वीस', खाली सही.

"पुढच्या शनिवारी ये. घेऊन जाशीन."

"राहू द्या मामा, वीस रुपयाचं काय! माफ केले."

देशोदेशीची माफी मागणारा तो माणूस एकदम कावराबावरा झाला. दोन्ही कप जवळ ओढत हळूच म्हणाला, "नको, शांते. हे माफ नको करू."

मी तिकीट पदराच्या गाठीला बांधलं. म्हटलं, "येतो मंग शनिवारी. साखर कमी टाकजा."

माझं कर्ज त्या दिवशी पूर्ण फिटलं.