मन्मथशेठचा कडक गिअर

जिलानी मिस्त्रीनं गिअर पडण्याचे नरम, मध्यम आणि कडक असे तीन प्रकार सांगितले आणि मन्मथनं विचार न करता "कडक" म्हटलं. लातूरच्या आडत बाजारात आयुष्य काढलेला माणूस चहा कडक घेतो, तंबाखू कडक घेतो. गिअरबॉक्सही त्यानं त्याच सवयीनं घेतला.

गाडी सदुसष्ट सालची, अमेरिकन, हैदराबादहून आणलेली. बोटीएवढी लांब, पोपटी रंगाची, क्लच नसलेली. तिचे गिअर आपोआप बदलत आणि इतके अलगद बदलत की आत बसलेल्याला पत्ता लागत नसे. मन्मथला याचा अभिमान होता. पण बाजारातले लोक म्हणाले, "शेठ, गिअर पडतो का न्हाई कळतंच न्हाई की. झोप लागती तुमच्या गाडीत." त्यानंतर मन्मथ दुपारच्या वेळी मोबाईलवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघू लागला. त्यांच्या गाड्यांचे गिअर धाडदिशी पडत आणि म्हातारे हसत. मन्मथला आपली गाडी बुळी वाटू लागली. त्यानं परदेशातून सामान मागवलं.

"आत तेलाच्या दाबावर गिअर पडतो शेठ," जिलानीनं समजावलं. "तेलाची भोकं मोठी करायची, स्प्रिंगा जड टाकायच्या. तेल जोरात येतं, गिअर खाडकन बसतो."

"या आधी केलं का कधी?"

"न्हाई. पण मलाबी लई दिवसांपासून करून पाहायचंच व्हतं."

गॅरेजमधून निघताना पहिल्यावरून दुसरा गिअर पडला तेव्हा पाठीत गुद्दा बसल्यासारखं झालं. "वा!" मन्मथ म्हणाला. दुसऱ्यावरून तिसरा पडला. "वा, वा!" सिग्नलला थांबून पुन्हा निघाला, पुन्हा दोन गुद्दे बसले. घर येईपर्यंत त्यानं वा म्हणणं सोडलं होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला, उज्वलाला, चक्कर मारायला नेलं. कोपऱ्यावर तिनं घाबरून मागं वळून पाहिलं.

"अहो, मागून कुणीतरी ठोकलं!"

"कुणी न्हाई ठोकलं. गिअर बदलला."

"मंग बदलू नका."

मन्मथला पहिल्यांदा लाज वाटली ती तेव्हा. त्यानं लगेच जिलानीला फोन लावला. जिलानी मेव्हणीच्या लग्नाला नांदेडला गेला होता आणि आठवडाभर येणार नव्हता. आणि परवा मन्मथला याच गाडीतून बिलोलीला जायचं होतं, तेही थोरल्या भावाला घेऊन.

हे थोरले भाऊ म्हणजे जळकोटचे बसलिंगप्पा, सगळ्यांचे अण्णा. बिलोलीला दोघांची बहीण दिलेली. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या घराच्या वास्तुशांतीला अण्णांना पहिल्या पंगतीत बसवायचं राहून गेलं. अण्णा न जेवता उठले आणि उठता उठता चारचौघांत म्हणाले, "या घरची भाकर माझं जनावरसुद्धा खाणार न्हाई." तेव्हापासून अण्णा आणि बहिणीचे मालक वीरण्णा यांचं बोलणं बंद होतं. आता त्याच घरात भाची तनुजाचं लग्न निघालं होतं. तिनं जळकोटला फोन करून सांगितलं होतं, "मोठे मामा, तुम्ही माझ्या मागं उभं राहिल्याशिवाय मी अक्षता पडू देणार न्हाई." अण्णा फोनवर म्हणाले, "मन्मथच्या गाडीत येतो." बहिणीनं मन्मथला सांगून ठेवलं होतं, "तेवढं त्यांना नीट आण रे बाबा. रस्त्यात त्यांचं डोकं फिरलं तर सगळं मुसळ केरात."

लग्नाच्या सकाळी अण्णा जळकोटला दारातच उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर गुलाबी फेटा. ते मागच्या सीटवर ताठ बसले. गाडी निघाली आणि अण्णांचं कपाळ पुढच्या सीटला जाऊन लागलं.

"काय झालं?"

"गिअर, अण्णा."

"आपोआप पडतो म्हणला व्हतास ना?"

"आपोआपच पडला."

जळकोट ते बिलोली रस्त्यावर जेवढी गावं, त्याच्या दुप्पट गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला गाडी सावकाश होई, मग पुन्हा पहिला, धाड, दुसरा, धाड, तिसरा. अण्णा प्रत्येक धक्क्याला फेटा दोन्ही हातांनी दाबून धरत. उज्वलाच्या मांडीवरचा शंकरपाळ्यांचा डबा मुखेडच्या अलीकडे उघडला आणि उरलेल्या प्रवासात शंकरपाळे पुढून मागं आणि मागून पुढं येत-जात राहिले.

"भावजी, जास्त लागलं का?" उज्वलानं विचारलं.

"मला काय लागायचं? बैलगाडीत जन्म गेला माझा," अण्णा म्हणाले. "पण बैल एवढा धक्का देत न्हाई. त्याला माणसाची कदर असती."

मन्मथ आरशात बघायचं टाळू लागला. एवढ्या वर्षांनी थोरला भाऊ बहिणीच्या दारी निघालेला आणि आपण त्याला असं पोत्यासारखं आदळत नेतोय.

बिलोलीत मांडवाच्या दारात गाडी थांबली तेव्हा वाजंत्री जोरात होती. आजूबाजूचे लोक गाडी पाहायला जमले. वीरण्णा पुढं आले आणि रिवाज म्हणून मागचं दार त्यांनी उघडलं. पण हात जोडले नाहीत. अण्णांनी अंग दाराकडं वळवलं, पण पाय खाली टाकला नाही.

"या," वीरण्णा म्हणाले.

"आलोय की. मानानं बोलवा म्हणजे उतरतो."

"मान द्यायला न्हाई कोण म्हणतं? पण तुम्ही माझ्या भाकरीला जे बोलले, ते आधी मागं घ्या. याच घरात बोलले व्हते."

"दाजी, अहो आज कशाला..." मन्मथ पुढच्या सीटवरून म्हणाला.

"तू गप बस!" दोघंही एकदम म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मांडवाच्या कडेला बहीण पदर तोंडाला लावून उभी होती. वाजंत्रीवाल्यांनी प्रसंग ओळखून वाजवणं थांबवलं. आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"मन्मथ," अण्णा म्हणाले, "गाडी माघारी घे."

"अण्णा, तनुजा..."

"माघारी घे म्हणतो ना!"

इंजिन तापून जोरात फिरत होतं. पाय ब्रेकवर ठेवून मन्मथनं मुकाट्यानं रिव्हर्स टाकला. अण्णांना जाता जाता शेवटचा शब्द बोलायचा होता, म्हणून त्याच क्षणी त्यांनी डोकं दारातून बाहेर काढलं.

"वीरण्णा, एक ध्यानात ठेवा..."

धाड.

गाडी जागची हलली नाही, पण तिला बसलेला हिसका अण्णांपर्यंत पोचला. गुलाबी फेटा डोक्यावरून सुटला, हवेत अर्धा उलगडला आणि बरोबर वीरण्णांच्या दोन्ही पायांवर जाऊन पडला.

या भागात फेटा पायावर ठेवणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस त्याहून खाली वाकू शकत नाही. उघड्या डोक्याचे अण्णा दारातून बाहेर झुकलेल्या अवस्थेत तसेच राहिले.

वीरण्णांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग निवळला. त्यांनी खाली वाकून फेटा दोन्ही हातांनी उचलला.

"अण्णा, एवढं न्हाई करायचं व्हतं हो! तुम्ही थोरले. एवढं न्हाई करायचं व्हतं."

"म्या..." अण्णा म्हणाले.

"काहीच बोलू नका. चूक माझीच. पाहुण्याला पहिल्या पंगतीत बसवायचं मला कळाया पायजे व्हतं." वीरण्णांनी फेटा अण्णांच्या डोक्यावर ठेवला आणि भर दारात त्यांना मिठी मारली. बहीण मोठ्यानं रडली. वाजंत्रीवाल्यांनी आपल्या अकलेनं पुन्हा सुरुवात केली.

आरशात अण्णांची आणि मन्मथची नजर भेटली. मन्मथनं आधी खाली घातली.

पुढचं सगळं सुरळीत झालं आणि मन्मथला त्याचाच जास्त त्रास झाला. अण्णा तनुजाच्या मागं उभे राहिले. त्यांना पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर बसवलं आणि वीरण्णांनी स्वतः वाढलं. लोक मन्मथची पाठ थोपटून गेले. "धाकटा असून थोरल्याला नमवलं राव!" बहिणीनं त्याचे हात धरले. "तूच समजूत घातलीस ना रे वाटेत? मला ठाऊक हाय." खरं सांगावं म्हणून मन्मथनं तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून जिलेबी तोंडात घातली.

परतीच्या वाटेवर कुणीच बोललं नाही. गिअर तेवढा बोलत होता. जळकोटला अण्णांच्या दारात गाडी थांबली तेव्हा मन्मथ उतरून मागं गेला.

"अण्णा, माफ करा. तुमचा फेटा माझ्यामुळं पडला. चारचौघांत तुम्हाला न केलेल्या गोष्टीचा मान घ्यावा लागला. मला तोंड दाखवायची लाज वाटती. जिलानी आला की लगेच गाडी गॅरेजला टाकतो. होती तशी नरम करून घेतो."

अण्णांनी कपाळ लागलेल्या समोरच्या सीटवर हात फिरवला.

"कधी येणार तो जिलानी?"

"चार-पाच दिवसांत."

"मंग उद्या गाडी घेऊन ये."

"उद्या? कशाला?"

"लातूरजवळच्या मुरुडला जाऊन येऊ. तिथं सटवाजी हाय. माझा लंगोटीयार. त्याचं माझं बोलणं बंद हाय." अण्णांनी घसा साफ केला. "आपणहून जाऊन पाया पडायचं आता या वयात जमत न्हाई मला. लाज वाटती."

त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला, आतल्या बाजूनं बोटं घालून एक वेढा सैल केला, पुन्हा डोक्यावर ठेवला आणि मान एकदा पुढं हलवून बघितली.