हौश्याचा पट्टा

मी विज्ञानाचा मास्तर. आमच्या म्हाताऱ्यांना ज्या कामाला आठ दिवस लागतात, ते मी पाच मिनिटांत करून दाखवीन, असा माझा ठाम समज होता!

शहाण्णव साली भोकरदनहून पोळ्यासाठी गावी गेलो. हौश्या बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा चामडी पट्टा वाळून लाकूड झाला होता. मोतीबिंदूमुळं माझ्या वडलांना, आबांना, धड दिसत नव्हतं. मिरवणुकीत कासरा मी धरायचो आणि ते त्या घुंगरांच्या आवाजामागं चालायचे. हौश्याही थकलेला. पुढचा पोळा तो बघेल याची खात्री नव्हती.

"चामड्याला तेल हळूहळू पाजावं लागतं," आबा म्हणाले. "एरंडेल आन् चरबी तळहातावर घेऊन सावलीत चोळायची. आठ दिवस."

"आबा, पोळा उद्या आहे! गरम तेल जल्दी शिरतं!"

"मंग कर. पर पट्टा तेवढा एकच हाय."

मी पट्टा धुतला, मायची कढई चुलीवर ठेवली, एरंडेल कडकडीत तापवलं आणि ओला पट्टा आत सोडला. चर्रर्र! घरभर धूर!

भिंतीवरून शेजारच्या कडूबानं विचारलं, "मास्तर, काय तळून राह्यले?"

"पट्टा!"

"अन् उद्या मी कुरडया कशात तळू?" माय ओरडली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरांच्या घरी नैवेद्याला चामडं तळलं! माय दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होती.

पट्टा आखडून निम्म्यावर आला होता. घुंगरं त्यातच करकचून आवळली होती, सुटेनात. आबांनी तो बोटांनी चाचपला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी माझी मान शोधली आणि पट्टा बांधला.

"बराबर बसला. उद्या हौश्याच्या बाजूनं चाल."

चाललो! गावातली पोरं माझ्याच भोकरदनच्या शाळेत यायची; वेशीत माझी अर्धी सातवी उभी होती. लाजेनं पाय हळू टाकावे, तर आवाज कमी व्हायचा आणि मागं आबा अडखळायचे. शेवटी लाज सोडली आणि पाय आपटतच गावभर फिरलो.

घरी आल्यावर आबांनी पुरणपोळीचा घास हातात घेतला. दर वर्षी हौश्याला विचारायचे तसंच विचारलं, "थकला का रे?"

कोणाला विचारलं, कळेना. मी नुसती मान हलवली. घुंगरं वाजली, आणि घास माझ्या तोंडाशी आला.

हौश्या बघतच राहिला.