पदराला बांधलेला प्लग

मोहिते काकू माझ्या दुकानात आल्या की आधी शिलाई मशीनचा प्लग भिंतीतून काढतात आणि आपल्या पदराच्या टोकाला बांधतात. चांगली पक्की गाठ. मग काकू आणि मशीन एकाच वायरीला. काकूंना शिंक आली तरी मशीन हलते. गिऱ्हाईक बघत राहतं. कोणी विचारलंच तर काकू म्हणतात, "आधी गोळी काढायची."

ही गोळी बंदुकीची. काकूंचे आजेसासरे होळकरांच्या फौजेत होते. बंदूक पुसायला घेतली की आधी गोळी काढायची, हा त्यांचा नियम. बंदूक कधीच घरातून गेली, पण नियम राहिला आणि तो मशीनला लागला. तुझं बोट सुईखाली आणि कोणाचा तरी पाय पायडलवर पडला तर, असं त्या विचारतात, आणि माझ्या बोटाकडे असं बघतात की ते आत्ताच गेलं.

आता माझी तक्रार ऐका. सुदामा नगरमधलं हे फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान मी कोणाच्या मेहरबानीवर उभं केलेलं नाही. भाव करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. भाजीवाले मला लांबून बघतात आणि हातगाडी वळवतात. मोहिते काकूंची मोटरची मशीन विकायची आहे असं कळलं, तेव्हा मी स्नेहलतागंजला त्यांच्या घरी तयारीनेच गेले. रंग उडालाय म्हटलं, आवाज करते म्हटलं. काकू म्हणाल्या, जवळच्या बेटमा गावचा एक टेलर तुझ्यापेक्षा जास्त देतोय.

मी मनात हसले. हा बेटम्याचा टेलर मला चांगला ठाऊक होता. प्रत्येक विकणाऱ्याकडे असा एक असतो, कधी बेटम्याचा, कधी देवासचा, आणि तो कधीच कोणाला दिसत नाही. मी उठून चप्पल घालायला लागले. तेव्हा काकूंनी भाव सोडला, पण एक अट घातली. मशीन तुझी, सफाई माझी. दर शनिवारी मी येऊन करणार.

मला वाटलं, स्वस्तात मशीन आणि वर फुकट सर्व्हिसिंग. लगेच हो म्हटलं. आयुष्यात मी एकदाच फसले, ते तिथे.

कारण काकूंची सफाई म्हणजे हातासरशी फडकं मारणं नाही. प्लग पदराला. मग सुई काढायची, कापड दाबून धरणारा दाब काढायचा, सुईखालची पत्री उघडायची. स्क्रू स्टीलच्या वाटीत. बॉबिनची डबी बाहेर. मग जुन्या मऊ ब्रशने पत्रीखालच्या दातऱ्यांमधला रुवा, कापडाचे सुटे तंतू, बाहेरच्या बाजूला ओढायचा. एकदा घाईत मी तोंडाने फुंकर मारली, तर काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. फुंकरीने कचरा आत जातो आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते, गंज चढतो. शेवटी तेलाचा एक थेंब, आणि चिंधीवर लांबच लांब टीप, तेलाचा डाग पडायचा थांबेपर्यंत. चाललं दुकान खड्ड्यात.

तो शनिवार लग्नसराईतला होता. एका नवरीचा मखमलीचा ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता, रात्री तिचं लग्न, आणि दोन्ही बाह्या अजून जोडायच्या होत्या. नवरीच्या आईचा फोनवर फोन. मखमल इतका रुवा सोडते की मशीन धपधप करायला लागली होती. तेवढ्यात काकू. मी म्हटलं, आज नको. काकू म्हणाल्या, आजच तर पाहिजे, ही अशीच चालवलीस तर दोरा गुंतेल आणि मखमल फाटेल. प्लग पदराला गेलासुद्धा.

पत्री उघडली, रुवा निघाला, आणि लावायच्या वेळी वाटीत एक स्क्रू कमी. जमिनीवर नाही, डबीत नाही, माझ्या जिवात जीव नाही. लोहचुंबक फिरवलं. पुन्हा फोन वाजला. काकू लादीवर बसून हाताने चाचपत होत्या, आणि त्यांच्यामागे वायर, वायरीमागे माझी मशीन टेबलाच्या कडेपर्यंत सरकत आलेली. स्क्रू अखेर सापडला, त्यांच्याच पदराच्या चुणीत.

माझं डोकं फिरलं. "काकू, पुरे झालं. पैसे देऊन घेतलीय मी मशीन. पुढच्या शनिवारी येऊ नका."

काकूंनी पत्री बसवली, सुई लावली. पदराची गाठ सोडून प्लग माझ्या हातात दिला. "चिंधीवर चालव आधी," एवढंच म्हणाल्या, आणि डाग थांबेपर्यंत उभ्या राहून मग गेल्या. ब्लाउज वेळेवर गेला. टीप अशी की नवरीच्या आईला नाव ठेवायला जागा सापडली नाही.

त्याच आठवड्यात मी अस्तर घ्यायला गेले. दुकानदाराशी माझं नेहमीचं भांडण चाललं होतं. शेजारी उभा माणूस हसून म्हणाला, बहनजी, बेटम्यात यापेक्षा महाग मिळतं. टेलर होता. बोलता बोलता मी मशीन कुठून घेतली ते निघालं, आणि त्याने कपाळाला हात लावला.

"स्नेहलतागंजवाली माँजी की? मैं तो आपसे ज्यादा दे रिया था."

मग दिली का नाही, मी विचारलं.

"वो पूछ रही थीं, बेटमा की बस कितने बजे की है, शनिवार को आके शाम तक लौट सकते हैं क्या. मैंने कहा, आप काहे को तकलीफ करो, सफाई मैं खुद कर लूँगा. बस, फिर नी दी."

अस्तराचा भाव करायचं मी विसरले. दुकानदाराने मागितले तेवढे दिले, तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

शनिवार आला. काकूंची वेळ झाली, टळली. रिक्षा थांबली की मी दाराशी. मशीन पुन्हा धपधपत होती. ब्रश समोर होता, सगळं मला येत होतं, तरी पत्रीला हात लावला नाही. फोन केला तर बराच वेळ वाजत राहिला. घरात एकट्या बाईला काही झालं तर कळणार कोणाला, असं नको नको ते मनात यायला लागलं. शेवटी काकूंनी उचलला.

माफी मागणं मला जमत नाही. मी आवाज चढवूनच म्हटलं, "काकू, मशीनमध्ये मखमलीचा कचरा भरलाय. तुम्ही आज येत नसाल तर मी ती बेटम्याच्या टेलरला देऊन टाकते. तो जास्त देतोय."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज.

"हात लावू नकोस तिला. निघालेच मी," काकू म्हणाल्या. "आधी गोळी काढ."